तोंडातला लायकेन प्लॅनस: कोणतं औषध, कुठे आणि कसं लावायचं

गालाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रेषांची जाळी, हिरड्या लालभडक, आणि हुमणाचा, म्हणजे माशांच्या तिखट कालवणाचा, पहिला घास घेताच डोळ्यांत पाणी. मिरची कमी करून झाली, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या, बोरोग्लिसरीन लावून झालं, तरी महिनोन्महिने तेच. तोंड आलंय, उष्णता झालीय, असं म्हणत बरेच दिवस जातात. मग कधीतरी दंतवैद्य किंवा त्वचारोगतज्ज्ञ नीट बघतात आणि सांगतात की हा लायकेन प्लॅनस आहे. चिठ्ठीवर एक ट्यूब लिहिलेली असते आणि ती चिठ्ठी घेऊन माणूस फार्मसीत येतो.

गोव्यातल्या फोंड्यात फार्मसीच्या काऊंटरमागे उभं राहून मी एक प्रश्न सतत ऐकतो: "ह्यापेक्षा जोरदार काय आहे?" विचारायला हरकत नाही, पण त्याच्या आधीचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. लावलेलं औषध त्या जागेवर टिकतं किती मिनिटं? तोंडात लाळ सारखी सुटत असते, जीभ स्वस्थ बसत नाही, आपण बोलतो, गिळतो. अशा ठिकाणी मलम लावणं म्हणजे आषाढात ओल्या भिंतीला चुना काढण्यासारखं आहे. साधं औषध वीस मिनिटं टिकलं, तर दोन मिनिटांत पोटात गेलेल्या जोरदार औषधापेक्षा ते जास्त काम करतं. म्हणून या लेखात औषधांची तुलना आहेच, पण ती लावायची कशी यावर मी जास्त लिहिणार आहे. निवड आणि मात्रा तुमच्या डॉक्टरांचीच.

आधी निदान, मग ट्यूब

लायकेन प्लॅनस हा संसर्ग नव्हे. एका ताटात जेवल्याने, उष्टं खाल्ल्याने तो दुसऱ्याला होत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण घरात आजीसाठी वेगळा पेला काढून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. आपल्याच संरक्षणव्यवस्थेतल्या टी-पेशी तोंडाच्या अस्तराच्या तळच्या थरावर चाल करून जातात आणि त्यातून हा दाह होतो. साधारण शंभरात एकाला तो असतो. चाळिशीनंतर अधिक, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. इरॅस्मस विल्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८६९ साली या आजाराला नाव दिलं. तेव्हापासून दीडशेहून अधिक वर्षं झाली, तरी तो मुळासकट घालवणारं औषध नाही. म्हणून "किती दिवसांत बरा होईल?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही. "कमीत कमी औषधावर तो शांत कसा राहील?" या प्रश्नाला मात्र देता येतं.

ठरावीक चित्र असं: दोन्ही गालांच्या आत, बहुधा मागच्या दाढांजवळ, पांढऱ्या बारीक रेषांची जाळी. ती कापसाने पुसली तरी जात नाही. काहींना त्याबरोबर लाल, पातळ झालेली जागा, तर काहींना पिवळसर साय धरलेल्या जखमा. काहींचा आजार फक्त हिरड्यांवर असतो, तिथली साल सुटते आणि ब्रश लागताच रक्त येतं.

पण असं दिसणारं सगळं लायकेन प्लॅनस नसतं. तंबाखूमुळे येणारा ल्युकोप्लेकियाचा पांढरा चट्टा सहसा एकाच बाजूला असतो. बुरशीचा थर खरवडला की निघतो. सुपारी खाणाऱ्यांच्या तोंडात पांढरटपणा येतो आणि तोंड उघडणं कमी होत जातं, तो सबम्युकस फायब्रोसिस, वेगळाच आजार. पेम्फिगसमध्ये फोड येऊन फुटतात, आणि तो अंगावर पसरू शकणारा गंभीर आजार आहे. हिरड्यांचीच साल सुटत असेल तर हा फरक करणं फार गरजेचं. एखाद्या दाढेत चांदीचं जुनं फिलिंग असेल आणि चट्टा नेमका त्याला टेकणाऱ्या गालावरच असेल, तर ती त्या धातूची प्रतिक्रिया असू शकते. अशा वेळी फिलिंग बदलल्यावर बऱ्याच जणांचा चट्टा ओसरतो आणि ट्यूबची गरजच उरत नाही.

आणखी एक कारण घरच्या औषधांच्या डब्यात असतं. रक्तदाबावरची काही औषधं, म्हणजे बीटा-ब्लॉकर, एसीई इन्हिबिटर आणि थायझाइड जातीची लघवीची गोळी, शिवाय काही वेदनाशामकं, मधुमेहावरच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांमुळे हुबेहूब असेच चट्टे येऊ शकतात. याचा अर्थ रक्तदाबाची गोळी उद्यापासून बंद, असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवायची आणि चट्टे कोणत्या गोळीनंतर सुरू झाले ते आठवून सांगायचं. गोळी बदलायची की नाही ते ती देणारा डॉक्टर ठरवील.

शंका असली तर बायॉप्सी होते: सुन्न करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तुकडा जखमेच्या मधून न घेता कडेचा घेतात. "बायॉप्सी म्हणजे कॅन्सर" ही भीती सोडा. बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात मुखरोगांचा स्वतंत्र विभाग आहे. गावच्या दंतवैद्याने तिकडे पाठवलं तर टाळाटाळ करू नका. आधी बायॉप्सी आणि मग स्टिरॉइड (दाह दाबणारं औषध, चिठ्ठीवरच्या ट्यूबमध्ये बहुधा तेच असतं), हा क्रम बरा. आधीच महिनाभर ट्यूब लावली असेल तर चित्र पुसट होतं.

काहीच लावायचं नाही, असंही असतं

फक्त पांढरी जाळी आहे, जळजळ नाही, जेवण व्यवस्थित चाललंय: अशा तोंडाला औषध लागत नाही. वर्षातून एकदोनदा दाखवायचं, बस्स. पांढऱ्या रेषा घालवणं हे उपचाराचं ध्येय नाही. आरशात रेषा दिसतात म्हणून वर्षभर स्टिरॉइड लावत बसणारे लोक आहेत. त्यांना त्यातून फक्त बुरशी मिळते. लाल जागा, जखमा आणि वेदना, औषध यांच्यासाठी.

ट्रायॲम्सिनोलोनची पेस्ट: सुरुवात बहुधा इथून

आपल्याकडे सर्वांत जास्त लिहिली जाते ती ट्रायॲम्सिनोलोन ॲसिटोनाइड ०.१ टक्क्याची तोंडाची पेस्ट. केनाकोर्ट हे तिचं ओळखीचं नाव. हे मध्यम ताकदीचं स्टिरॉइड. हिची खरी ताकद आहे ती पेस्टमध्ये: जिलेटिन, पेक्टिन आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज यांचा हा चिकट गोळा ओल्या अस्तराला धरून राहतो आणि वर पातळ साय तयार होते. एकदोन ठरावीक जागी छोट्या जखमा असतील, तर ही पेस्ट उत्तम. गालभर पसरलेल्या आजाराला किंवा घशाजवळच्या जागेला ती पुरत नाही, कारण तिथे बोट पोचत नाही आणि पेस्टही टिकत नाही.

हीच पेस्ट लोक सर्वांत जास्त चुकीची लावतात. मलम म्हटलं की आपला हात चोळायला जातो. ही पेस्ट चोळली की तिची साय बनत नाही, रवाळ कण होऊन ती सुटते आणि थुंकीबरोबर जाते. मग "ट्यूब बेकार आहे" म्हणून तक्रार येते. लावण्याची रीत अशी:

१. जेवण झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. दिवसातून एकदाच लावायची असेल तर रात्री झोपताना. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे औषध जास्त वेळ टिकतं.

२. हात धुवा. आरशासमोर उजेडात उभे राहा. गॉझच्या तुकड्याने किंवा स्वच्छ सुती कापडाने ती जागा हलकेच टिपून कोरडी करा. ही पायरी गाळली तर पुढच्या सगळ्या वाया.

३. मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट बोटाच्या टोकावर किंवा कापसाच्या काडीवर घ्या आणि जागेवर नुसती टेकवा, दाबा, सोडा. चोळायचं नाही. हाताला थोडं खरखरीत, मग गुळगुळीत लागलं की साय बसली.

४. अर्धा तास खाणं, पिणं, चूळ भरणं बंद. जिभेने चाचपणंही बंद, आणि हे सगळ्यात कठीण.

डॉक्टर बहुधा दिवसातून दोन ते तीन वेळा सांगतात. पेस्ट जाड थरात लावल्याने जास्त गुण येत नाही, ती लवकर सुटते मात्र.

बेटामेथासोनची गुळणी: आजार पसरलेला असेल तर

दोन्ही गाल, जीभ, टाळूपर्यंत जागा असतील तर बोटाने किती ठिकाणी लावणार? इथे गुळणी बरी. बेटामेथासोन या स्टिरॉइडची ०.५ मिलिग्रॅमची पाण्यात विरघळणारी गोळी दोन ते चार छोटे चमचे, म्हणजे १० ते २० मिलिलिटर पाण्यात विरघळवतात, ते पाणी तोंडात तीन-चार मिनिटं धरून सगळीकडे खेळवतात आणि थुंकून टाकतात. नंतर साध्या पाण्याने चूळ नाही, अर्धा तास चहा नाही.

या औषधाबाबत मला सर्वांत जास्त बोलावं लागतं, कारण गोळी म्हटली की आपण ती गिळतो. चिठ्ठीवर "माउथवॉश" असं लिहिलेलं असतं, पण पाकिटावर ती इतर गोळ्यांसारखीच गोळी. रोज चार वेळा सांगितलेली गोळी कुणी गिळत राहिलं, तर दिवसाला २ मिलिग्रॅम बेटामेथासोन पोटात जातं, आणि ते प्रेडनिसोलोन या पोटात घ्यायच्या स्टिरॉइडच्या साधारण १५ मिलिग्रॅमच्या बरोबरीचं आहे. मधुमेह असलेल्याची साखर त्याने चढते, रक्तदाब चढतो, आणि बरेच आठवडे असं चाललं तर एकदम बंद करणंही धोक्याचं होतं. घरातल्या वयस्कर माणसासाठी हे औषध आणत असाल तर पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरांत "थुंकायचं" असं लिहून ठेवा. ज्यांना तोंडात पाणी धरून ठेवता येत नाही, ठसका लागतो, त्यांनी डॉक्टरांना तसं सांगून पेस्टवर जावं.

गुळणी सर्वत्र पोचते हा तिचा फायदा, मिनिटांतच संपते हा तोटा. त्यामुळे काही डॉक्टर दोन्ही एकत्र देतात: दिवसा गुळणी, आणि रात्री सर्वांत हट्टी जागेवर पेस्ट.

क्लोबेटासोल: जोरदार, म्हणूनच जपून

क्लोबेटासोल प्रोपिओनेट ०.०५ टक्के हे लावायच्या स्टिरॉइडमधलं सर्वांत वरच्या ताकदीचं. पेस्टने दोन-चार आठवड्यांत न हललेल्या जखमांसाठी तज्ज्ञ हे देतात. आता अडचण. आपल्या बाजारात ते मुख्यतः त्वचेसाठी बनवलेल्या रूपांत मिळतं आणि तोंडातला वापर छापील सूचनेच्या बाहेरचा, डॉक्टरांच्या जबाबदारीवरचा असतो. क्रीम तोंडात कडू लागतं आणि झोंबतं. जेल बरं बसतं, पण उघड्या जखमेवर तेही चुरचुरतं. ऑइंटमेंट झोंबत नाही, पण ओल्या जागी धरत नाही, घसरतं. यावर तज्ज्ञ दोन उपाय करतात. एक, ते तोंडाच्या चिकट बेसमध्ये मिसळून लावायला सांगतात. दोन, गॉझच्या छोट्या घडीवर ते घेऊन ती घडी गाल आणि दात यांच्यामध्ये दहा-पंधरा मिनिटं धरायला सांगतात. दुसरा उपाय दिसायला ओबडधोबड, पण मला तो आवडतो: खर्च नाही, आणि औषध हलत नाही. घडी तोंडात ठेवून आडवं व्हायचं नाही, झोपायचं तर नाहीच.

फार्मसीत एक गोष्ट स्वतः तपासा. क्लोबेटासोलच्या ट्यूबच्या नावापुढे एन, एम, एस, जीएम अशी अक्षरं असतील, तर त्यात दुसरं काही मिसळलेलं आहे: निओमायसिन, मायकोनॅझोल, जेंटामायसिन किंवा सॅलिसिलिक ॲसिड. सॅलिसिलिक ॲसिडचं मलम जाड कातडी सोलण्यासाठी असतं. ते तोंडात गेलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. डॉक्टरांनी नुसतं क्लोबेटासोल लिहिलं असेल तर नुसतंच मागा, आणि "तेच आहे हो, सारखंच" असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या दुकानात जा. त्वचेवरची बरीच स्टिरॉइड मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती द्यायचीच नाहीत. चिठ्ठी मागणाऱ्या फार्मसीवर रागावू नका.

हे औषध दिवसातून दोनदा, थोडे आठवडे, मग हळूहळू कमी. महिनोन्महिने स्वतःच्या मनाने लावत राहिलं तर अस्तर पातळ होतं, बुरशी वाढते, आणि गिळलं जाणारं औषध शरीराच्या स्वतःच्या स्टिरॉइड निर्मितीलाही दाबू शकतं.

हिरड्यांचा प्रश्न वेगळा आहे

हिरड्यांवर पेस्ट टिकत नाही. ओठ लागतो, जीभ लागते. शिवाय दुखतं म्हणून माणूस ब्रश करणं सोडतो, दातांवर किटण साचतं, त्याने हिरड्यांचा दाह आणखी वाढतो आणि सगळं खापर औषधावर फुटतं. म्हणून हिरड्यांच्या लायकेन प्लॅनसमध्ये पहिला उपचार स्वच्छता हाच आहे: दंतवैद्याकडून हलक्या हाताने स्केलिंग, अगदी मऊ ब्रश, आणि फेस कमी करणारी, सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली टूथपेस्ट. पुदिना आणि दालचिनीचा तिखट स्वाद असलेल्या टूथपेस्ट टाळा. नुसत्या स्वच्छतेने अर्धा त्रास कमी झालेली माणसं असतात, आणि तरीही ट्यूब मागणारे स्केलिंग म्हटलं की "मागाहून बघू" म्हणतात.

त्यानंतर ट्रे. दंतवैद्य दातांचं माप घेऊन पारदर्शक, मऊ प्लास्टिकचा ट्रे बनवून देतात, जो हिरड्यांवर थोडा चढतो. त्यात आतून औषधाची पातळ रेघ ओढायची आणि ट्रे दहा ते वीस मिनिटं लावून ठेवायचा. ओसंडून वाहण्याइतकं औषध भरायचं नाही. बाहेर आलेलं सगळं पोटात जातं. ट्रे थंड पाण्याने धुवायचा, गरम पाण्यात त्याचा आकार बिघडतो. खर्च एकदाच होतो, आणि हिरड्यांसाठी याहून चांगली रीत मला माहीत नाही.

टॅक्रोलिमस आणि त्याचं गोत

टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नाही. टी-पेशींना चेतवणारा कॅल्सिन्युरिन नावाचा दुवा ते अडवतं. ऑइंटमेंट ०.०३ आणि ०.१ टक्का अशा दोन ताकदींत मिळतं. मूळ परवाना एक्झिमासाठी, तोंडातला वापर इथेही छापील सूचनेबाहेरचा. स्टिरॉइडने भागलं नाही, किंवा स्टिरॉइडने वारंवार बुरशी होते, तेव्हा याचा नंबर लागतो.

फायदा असा की याने अस्तर पातळ होत नाही. तोटे तीन. पहिले काही दिवस लावताच आग होते, आणि हे आधी सांगितलं नाही तर माणूस दुसऱ्याच दिवशी ट्यूब फेकून देतो. बंद केल्यावर काही आठवड्यांत आजार पुन्हा उसळणं नेहमीचं. आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने २००६ साली या गटातल्या मलमांवर कर्करोगाच्या शक्यतेबद्दलची ठळक चौकटीतली सूचना छापायला लावली. मलमामुळे कर्करोग होतोच असं त्यातून सिद्ध झालेलं नाही, पण लायकेन प्लॅनसमध्येच थोडा धोका असतो, त्यामुळे तज्ज्ञ हे मर्यादित काळासाठी आणि नियमित तपासणीखालीच देतात. मला तो सावधपणा योग्य वाटतो. पिमेक्रोलिमस १ टक्का क्रीम याच कुळातलं. सायक्लोस्पोरिनची गुळणीही वापरून पाहिली गेली आहे. महाग, चव वाईट, आणि स्टिरॉइडपेक्षा सरस असल्याचं दिसलेलं नाही. ती सोडून द्या.

मग स्टिरॉइड बरं की टॅक्रोलिमस? वैद्यकीय पुरावा पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्याने या आजारावरच्या स्टिरॉइडच्या चाचण्या एकत्र तपासल्या. लावायच्या स्टिरॉइडने वेदना कमी होत असावी, आणि वेदना पूर्ण जाण्यात टॅक्रोलिमस कदाचित पुढे असेल, असं त्यात म्हटलंय. पण जखमांबद्दल निकाल परस्परविरोधी आणि एकूण पुरावा कमकुवत. थोडक्यात, "हेच सर्वांत चांगलं" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून सावध राहा. सुरुवात स्टिरॉइडने करायची ही रीत टिकून आहे ती स्वस्त, ओळखीचं आणि सोसवणारं औषध म्हणून.

दुखणं मारणारी जेलं, कोरफड आणि हळद

लिग्नोकेन जेल, बेन्झिडामिनची गुळणी, कोलीन सॅलिसिलेटचं तोंडाचं जेल: ही सगळी वेदना थोपवतात, दाह फारसा हलवत नाहीत. जेवणाआधी पाच-दहा मिनिटं लिग्नोकेन लावून जेवता येत असेल तर जरूर लावा, पण सुन्न तोंडाने कढत पेज भुरकू नका. भाजलेलं कळणार नाही. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश हिरड्यांच्या स्वच्छतेसाठी काही दिवस ठीक, तेही अल्कोहोल नसलेलं. फार दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात.

कोरफडीच्या जेलवर आणि हळदीतल्या कर्क्युमिनवर छोट्या चाचण्या झाल्या आहेत. काहींत आराम दिसला, काहींत नाही. सौम्य त्रासात करून बघायला माझी ना नाही. मात्र परसातली कोरफड थेट तोडून लावणाऱ्यांनी सालीलगतचा पिवळा चीक पूर्ण धुऊन टाकावा, तो झोंबतो. हळद कोरडी चोळू नका. आणि खोल जखमा असताना यांच्या भरवशावर महिने काढू नका.

औषध वाढवायचं कधी, उतरवायचं कसं

सुरू करताना एक वही घाला. रोज रात्री जेवतानाच्या वेदनेला शून्य ते दहा गुण द्या, आठवड्यातून एकदा त्याच खिडकीशी, त्याच उजेडात फोनने फोटो काढा. दोन ते चार आठवड्यांनी डॉक्टरांसमोर "थोडं बरं वाटतं" यापेक्षा "आठवरून चारवर आलं" हे वाक्य कितीतरी उपयोगी.

बरं वाटलं की एकदम सोडायचं नाही. तीन वेळांवरून दोन, मग फक्त रात्री, मग एक दिवसाआड, मग गरजेपुरतं. प्रत्येक पायरीवर आठवडाभर तरी थांबायचं. पुन्हा उसळलं तर एक पायरी वर. चतुर्थीचं खतखतं, नाताळातलं विंदालू, परीक्षा, घरातलं दुखणं यांनंतर उसळी येते, असं बरेच जण सांगतात. सणाआधी औषध वाढवून सणात मनसोक्त खायचं, असा हिशेब मात्र करू नका.

चार आठवडे नीट, म्हणजे वर लिहिल्याप्रमाणे जागा कोरडी करून लावूनही फरक नसेल, तर औषध बदलण्याआधी डॉक्टर तीन गोष्टी बघतात: निदान बरोबर आहे का, एखादा टोकदार दात किंवा सैल कवळी तिथेच घासते का, आणि बुरशी झाली आहे का.

बुरशी ही स्टिरॉइडची सर्वांत नेहमीची किंमत. बरं होत असताना अचानक जळजळ वाढली, दह्यासारखे निघणारे पांढरे ठिपके आले, चव गेली, तर स्टिरॉइड वाढवू नका, दाखवा. बहुधा क्लोट्रिमॅझोल १ टक्क्याचं माउथ पेंट देतात. मायकोनॅझोलचं तोंडाचं जेलही मिळतं, पण वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते टाळायचं. त्याने रक्तस्राव होण्याइतका परिणाम वाढू शकतो. हृदयाची झडप बदललेल्यांनी हे काऊंटरवर स्वतःहून सांगावं. कवळी रात्री काढून, घासून ठेवायची.

ताटात काय बदलायचं

खाण्याने लायकेन प्लॅनस होत नाही, पण उघड्या जखमेला काय झोंबतं ते प्रत्येकाचं वेगळं. गोव्यातल्या स्वयंपाकात संशयित ठरलेले: मिरचीचं वाटण, व्हिनेगर, कोकम, बिंबली, तोर (कैरी), अननस, तिरफळ. सगळं एकदम सोडलं तर माणूस आठवड्यात वैतागतो. जखमा असतानाच्या दिवसांत उकड्या तांदळाची कोमट पेज, नारळाच्या रसातली मऊ भाजी, बिनतिखट मासा, दही, केळी. सोलकढीऐवजी नुसता नारळाचा रस. कडक पावाची साल काढून मऊ भाग दुधात किंवा आमटीत भिजवून. नेवऱ्या आणि चकल्यांच्या धारदार कडा गालाला ओरखडतात, तिथे चट्टा उठतो. उर्राक-फेणीसारखी दारू आणि तंबाखू मात्र फक्त झोंबण्यापुरत्या नाहीत. त्यांच्याबद्दल तडजोड नको, आणि पूजेनंतरच्या विड्यातली सुपारीही त्यातच धरा.

पाठपुरावा

फार वर्षांच्या काळात साधारण शंभरातल्या एका रुग्णाच्या चट्ट्यात कर्करोग होतो. लाल, जखमांच्या प्रकारात आणि तंबाखू-दारू घेणाऱ्यांत धोका अधिक. म्हणून आजार शांत असला तरी सहा महिन्यांनी, फार तर वर्षाने तोंड तपासून घ्यायचं. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, हाताला टणक लागणारी जागा, एकाच बाजूचा जाड होत जाणारा चट्टा, ओठ किंवा जीभ बधिर होणं, मानेत गाठ: यांपैकी काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. घास अन्ननलिकेत अडकत असेल, किंवा बायकांच्या बाबतीत जननेंद्रियाजवळ आग, चिरा असतील, तर तेही बोला. हाच आजार तिथेही असतो, लाजेपायी वर्षानुवर्षं तो लपून राहतो, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना तोंडाचं सांगितल्याशिवाय दोन टोकं जुळत नाहीत.

गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, तर वरची कोणतीही ट्यूब जुन्या चिठ्ठीवर आणू नका.

तपासणीला जाताना वही, फोटो, बायॉप्सीचा कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि वापरलेल्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, बरोबर न्या. त्या दिवशी सकाळी पेस्ट लावू नका. वर थर असला की खालची जागा डॉक्टरांना दिसत नाही.